शालिक काकाजींच्या सात्या

आमच्या शेजारच्या शालिक काकाजींकडे पाहुणा गेला की पाण्याच्या ग्लासाआधी त्याच्यापुढे एक बशी येते. बशीत रानातून उपटून आणलेली, बुडाला माती असलेली एक कुत्र्याची छत्री असते. "घ्या," काकाजी म्हणतात. नवखा पाहुणा बिचारा भीत भीत उचलतो आणि तोंडाकडे नेतो. तेवढ्यात काकाजी त्याचा हात धरतात. "खाऊ नका. वास घ्या. पिठाचा येते का मुळ्याचा?"

याचं उत्तर दिल्याशिवाय तुमसरच्या त्या घरात चहा मिळत नाही. आमचे हे एकदा "साबणाचा येतो" म्हणाले, कारण हे नुकतेच हात धुऊन गेले होते. काकाजींनी त्यावर आठवडाभर विचार केला आणि मग आमच्या घरी येऊन आमचा साबण हुंगून गेले.

काकाजी नोकरीत होते तेव्हा शेतजमिनी मोजायचे. दोन भावांमधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, मोजायचा तर तीनदा मोजायचा आणि चौथ्यांदा शंका घ्यायची, अशी त्यांची ख्याती. दोन्ही भाऊ कंटाळून आपसात समझोता करून टाकायचे. म्हणजे एकूण कामाचा माणूस. निवृत्त झाल्यावर आमच्या मोहल्ल्यातले बाकीचे लोक विहाराच्या ओट्यावर बसून देश चालवतात. काकाजींनी मात्र भिंग, चाकू आणि छत्री घेतली आणि रानातल्या छत्र्या ओळखायला निघाले. वय साठीच्या पुढे, आणि आतापर्यंत कांदा नि मुळा यांतला फरकही काकूंना विचारणारा माणूस.

त्यांना शिकायच्या होत्या सात्या. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावर उगवतात त्या छत्र्यांना सात्या म्हणतात. मटण बाजूला सारून लोक ही भाजी खातात. पण काकाजींचं म्हणणं असं, की सात्या ओळखायच्या तर आधी सात्या नसलेलं सगळं ओळखलं पाहिजे. त्यामुळे नाकाडोंगरीच्या रानात जे जे म्हणून ओल्या लाकडावर, शेणावर, पाल्यात उगवतं, ते सगळं काकूंच्या स्वयंपाकघरात आलं.

शिकण्याची रीत अशी. छत्रीची टोपी कापायची, कोऱ्या कागदावर पालथी ठेवायची आणि वर वाटी झाकायची. दुसऱ्या दिवशी कागदावर बारीक भुकटी पडलेली असते. तिच्या रंगावरून म्हणे प्रकार कळतो. रंग कळायचा की नाही देव जाणे, पण वाट्या मात्र सगळ्या कामाला लागल्या.

"माह्या माहेरच्या वाट्या आहेत वो त्या," काकू माझ्याजवळ कुरकुरल्या. "वरण कशात वाढू? तळहातावर?"

"त्यांना सांगा ना."

"सांगतलं. तर म्हणते, वाटी उचलू नको, भुकटी पडून राहिली."

मग त्यांनी मोबाईलवरचा एक गट धरला. तिथे सगळे जाणकार. काकाजी फोटो टाकायचे, जाणकार म्हणायचे, खालून फोटो टाका. काकाजी चिखलात पालथे पडून खालून फोटो टाकायचे. जाणकार म्हणायचे, फोटोवरून सांगता येत नाही. असं ते ज्ञानदान चालायचं.

अड्याळला एका लग्नात तर त्यांनी कहरच केला. पंगतीत मशरूम-मटार होतं. काकाजींनी ताटातला एकेक तुकडा चमच्यानं उलटा केला, खिशातून भिंग काढलं आणि आचाऱ्याला बोलावणं धाडलं. "हे कोणत्या झाडाखालचं?" आचारी म्हणाला, "डब्यातलं." काकाजींनी ताट सरकवलं. शेजारी बसलेल्या तीन पाहुण्यांनीही सरकवलं. नवरीच्या बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि मी तो मनसोक्त पाहिला.

आता खरी गंमत सांगते. तीन पावसाळे एवढा खटाटोप केला, पण या माणसानं एक छत्री तोंडात घातली नाही. ढीगभर आणायचे, कापायचे, हुंगायचे आणि परसात खड्डा करून पुरायचे. मी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं. "नव्याण्णव टक्के सात्याच आहे, मॅडम. पण माणूस एका टक्क्यात मरते."

मी शाळेत शिकवते, त्यामुळे परीक्षेला न बसणारे विद्यार्थी मला नवे नाहीत. पण असा विद्यार्थी मी पाहिला नव्हता.

यंदा भाताच्या रोवण्याच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी काकाजी दारात उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "मॅडम, माह्यासंगं बपेऱ्याले चाला. मले असा माणूस पाहिजे, ज्यानं सात्या खाल्ल्या आहेत."

मी म्हटलं, "सगळ्या गावानं खाल्ल्या आहेत."

"तसं नाही. ज्यानं माह्या बहिणीच्या खाल्ल्या आहेत."

तेव्हा मला समजायला लागलं. बपेऱ्याला काकाजींची मोठी बहीण राहते. दरवर्षी पावसाळ्यात ती पळसाच्या पानात बांधून सात्या धाडायची, बसच्या कंडक्टरच्या हाती. पुडकं काकाजींकडे यायचं आणि तासाभरात भिंतीवरून माझ्याकडे. "आमच्याकडे जास्त झाल्या," असं म्हणून. मीही कधी खोलात गेले नाही. फुकटच्या सात्या मिळताहेत, तर कोण कशाला चौकशी करतो? संध्याकाळी मात्र काकाजी भिंतीपाशी येऊन बारीकसारीक विचारायचे. सुकी केली का रश्शाची, चिवट होती का मऊ, लसूण किती. मला वाटायचं, काय सालस माणूस आहे.

बसमध्ये कळलं, सालसपणा कसला. मी जे सांगायचे, ते जसंच्या तसं बहिणीला फोनवर जायचं. भाजी मी खायची आणि तारीफ यांनी करायची.

"पण तुम्ही का नाही खाल्ल्या?" मी विचारलं.

"भेव लागते," काकाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "लहानपणी आमच्या गल्लीतला एक माणूस गेला होता खाऊन. ते पाहिलं मी. पहिल्या वेळी बहिणीनं धाडल्या तर म्हटलं, मस्त झाली होती. आता एकदा मस्त म्हटल्यावर ते दरसाल धाडाले लागली. नाही कसं म्हणू?"

तीन वर्षांपूर्वी बहीण पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं रानात जाणं संपलं. आमच्याकडे सात्यांची जागा कोणी कोणाला सांगत नाही. सख्ख्या सुनेलाही नाही. पण तिनं फोन करून आपली जागा काकाजींना सांगितली, कारण आपल्या भावाचं आता कसं होईल, याचाच तिला घोर. आणि हा भाऊ घाबरून ओळखायला शिकू लागला. दर पावसाळ्यात ती विचारायची, गेला होतास काय? हे म्हणायचे, यंदा पाऊस कमी. यंदा तिनं सरळ सांगितलं होतं. "तू तोडून आण, मी रांधतो, माह्यासमोर खा. पुढच्या सालचं काय सांगता येते?"

बहिणीला मी आत्याबाई म्हटलं. खाटेवर बसलेली वाळकी बाई, पण आवाज खणखणीत. मुलगा नि सून रोवण्याला गेले होते. तिनं सांगितलेल्या मोहाच्या झाडामागं खरोखर वारूळ होतं आणि त्यावर सात्यांचा ताटवा. काकाजी गुडघ्यावर बसले. मुळी खोल वारुळात जाते का, ते उकरून पाहिलं. देठाला कडं नाही, ते पाहिलं. टोपीचं टोक पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून. वरून पाऊस पडत होता आणि मी छत्री धरून मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आणल्यावर आत्याबाईंनी हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाल्या, "हाव गा, ह्याच." दुसऱ्या कोणाला एवढं पुरलं असतं. काकाजींचा रंग मात्र उतरलेला तो उतरलेलाच.

शेगडी खाटेजवळ घेऊन आत्याबाईंनी बसल्या बसल्या भाजी केली. ताटं वाढली. मी घास घ्यायला गेले, तर काकाजींनी माझं मनगट धरलं. "थांबा. पहिले मी."

"कायले गा?" आत्याबाई म्हणाल्या. "मी का त्यात जहर घालून राहिलो?"

"नाही बाई. भूक लागली."

त्यांनी घास उचलला.  इतकी वर्षं मी त्यांना हसले, पण तेव्हा हसू आलं नाही. बहिणीचं मन मोडू नये म्हणून हा माणूस, त्याच्या हिशेबानं, मरायला बसला होता. 

त्यांनी डोळे मिटून घास चावला. बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला.

"कशी झाली?" आत्याबाईंनी विचारलं. "फोनवर तर लय सांगत होतास."

काकाजी माझ्याकडे बघायला लागले. एवढी वर्षं हे उत्तर मीच पुरवत आले होते. मी सांगणार, तोच ते बोलले.

"बाई," ते म्हणाले, "मले माहीतच नव्हतं इतकी चांगली लागते म्हणून."

आत्याबाईंची पळी हातातच राहिली. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकाजींची मान खाली गेली.

"मग वाया गेल्या काय माह्या सात्या?" आत्याबाईंनी मलाच विचारलं.

"एकही नाही, आत्याबाई," मी म्हटलं. "सगळ्या मी खाल्ल्या."

 आत्याबाईंनी शेगडीवरच्या गंजातली उरलेली सगळी भाजी काकाजींच्या ताटात उपडी केली. आपल्यासाठी ठेवलेलीसुद्धा.

"खा मंग आता," त्या म्हणाल्या.