सासवडी टेरियरचा डावा कान

"गली का कुत्ता नहीं चलेगा, जी," ढिल्लों साहेब दारातूनच म्हणाले. "सोसायटी का रूल है. सिर्फ ब्रीड वाला. संडे तक हटा दो."

ढिल्लों साहेब सोसायटीचे सेक्रेटरी. श्रीराम खळदकरांची चंदीगडला बदली होऊन जेमतेम आठवडा झाला होता. खोकी अजून बांधलेलीच होती, आणि त्यांतल्याच एका खोक्यावर ठकी ऐसपैस पसरली होती. वीतभर उंचीची ही ठकी सहा वर्षांपूर्वी सासवडच्या बाजारात सीताफळांच्या रिकाम्या पाटीत सापडली. बाप अज्ञात, आई संशयास्पद. पण नीलाताईंचा तिच्यावर एवढा जीव, की घरात पहिली पोळी तिची, दुसरी नवऱ्याची.

"ब्रीडवालीच है," श्रीराम बोलून गेले. "सासवडी टेरियर."

"कभी सुना नहीं."

"रेअर है."

"तो हिस्ट्री लिख के दे दो. कमेटी में रख देंगे."

दुसरा कोणी असता तर इथेच गारठला असता. श्रीराम मात्र बावीस वर्षं केंद्र सरकारात टिपणं लिहीत होते, आणि कागदावर आलं ते खरं, अशी त्यांची श्रद्धा होती. ठकीला समोर बसवून त्यांनी चार पानी इतिहास लिहिला. मूळ स्थान कऱ्हेचा काठ. सरदारांच्या बागांत सीताफळांची राखण हे पिढीजात काम. एका इंग्रज कलेक्टरने सहा कुत्री विलायतेला धाडली, पण अळणी जेवण न मानवल्याने ती पुढच्याच बोटीने परत आली. परिच्छेद नऊ: शुद्ध जातीची एकमेव खूण म्हणजे पडलेला डावा कान.

"अहो, थोडं तरी लाजा," नीलाताई म्हणाल्या. "बोटीनं परत आली?"

"अगं, परिशिष्ट जोडलंय."

कमिटीने इतिहास एकमताने मंजूर केला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. महिनाभरात मोहालीचा एक विक्रेता 'अस्सल सासवडी' विकू लागला. पहिलं पिल्लू, सर्टिफिकेटसकट, ढिल्लों साहेबांनीच आणलं. ते दाखवायला म्हणून आले आणि ठकीकडे बघतच राहिले.

"श्रीरामजी, आप की का तो राइट कान गिरा है."

श्रीरामांनी ठकीचा कान चाचपून पाहिला. लिहिताना ठकी समोर बसली होती, आणि त्यांनी कान आपल्या बाजूने मोजला होता.

"प्योर नहीं है, जी," ढिल्लों साहेब हळहळले. "रूल रूल है. संडे तक."

नीलाताईंनी ठकीला उचलून छातीशी धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी हिला घेऊन सासवडला जाते. तुम्ही राहा तुमच्या परिशिष्टाबरोबर."

श्रीरामांना ते फार लागलं. त्यांनी रजा टाकली आणि बावीस वर्षं जे केलं तेच केलं. शुद्धिपत्रक काढलं: परिच्छेद नऊ, 'डावा' ऐवजी 'उजवा' असे वाचावे. कमिटीने तेही मंजूर केलं.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात ढिल्लों साहेब, काखेत डाव्या कानाचं पिल्लू.

"बच्चे रो रहे हैं, जी," ते खाली मान घालून म्हणाले. "वाइफ ने रोटी नहीं खाई. आज संडे है."

श्रीरामांनी एकवार पिल्लाकडे पाहिलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"बैठिए. कान तो दिख गया. गाव कौन सा रखें?"

"जेजुरी घाला," नीलाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आणि त्याला आधी पोळी खाऊ द्या."