बिनसाखरेचे अण्णा

वाघमारे अण्णांच्या दारावरून जायचं असेल तर डोळे मिटावे लागतात. आधी डोळे मिटायचे, मग तोंड उघडायचं. अण्णा जिभेवर एक कोमट, लिबलिबीत तुकडा ठेवतात आणि विचारतात, "वळखा बरं, कंचं फळ?"

बरोबर ओळखलं तर सुटका, चुकलं तर दुसरा तुकडा. आमच्या धाराशिवच्या कॉलनीत या परीक्षेतून कुणी सुटलेलं नाही. गॅसवाल्यानं भरलेली टाकी खांद्यावर असताना डोळे मिटून चिकू ओळखलाय. पोस्टमननं एकदा पपईला भोपळा म्हटलं. तेव्हापासून तो अण्णांचं टपाल शेजारी, म्हणजे माझ्याकडं टाकून पळतो.

तुकडा असतो पॅनकेकचा. साखर नाही, गूळ नाही, मध नाही. असेल ती गोडी फळाची. हा पदार्थ अण्णांनी नातवाच्या मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सुमनकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, तवा ताब्यात घेतला. काकू म्हणाल्या, हे तर केळं घातलेलं धिरडं. त्यावर अण्णांनी त्यांना समजावलं, की धिरडं याचं चुलत भावंड लागतं, सख्खं नव्हे.

आता या माणसाची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाच्या गाड्या मोजता मोजता केस पांढरे झाले. पण साखरेचं नाव काढलं की ते गल्लीतल्या भांडकुदळ माणसाबद्दल बोलावं तसं आवाज खाली आणून बोलतात. "साखर लई गोडबोली हाय, बाई. गोडबोल्याच्या वाऱ्याला हुभं ऱ्हाऊ न्हाय." मी शाळेत शिकवते म्हणून मी बाई. वयानं त्यांच्या लेकीएवढी असले तरी बाईच, आणि तुम्हीच.

अण्णांचा सिद्धांत असा, की फळ जितकं सडायला टेकलेलं तितकं गोड. त्यामुळं ते गाडेवाल्याकडून काळी पडलेली केळी आणतात. ही केळी पूर्वी गाड्यापाशी उभ्या राहणाऱ्या एका शेळीला मिळायची. तिचा हिस्सा बुडाला. ती अण्णांच्या पिशवीमागं चालत कॉलनीत यायला लागली आणि त्यांच्या फाटकाशी उभी राहून दिवसभर काकूंकडं बघायची. शेवटी काकू बिघडलेले पॅनकेक तिला घालू लागल्या. केळीचे तिनं खाल्ले. चिकूचा हुंगला आणि मान फिरवली. अण्णांना हा अपमान बरेच दिवस पुरला.

चिकूचा पॅनकेक दिसायला हुबेहूब गोवरी होता, हे शेळीच्या बाजूनं सांगायला हवं. पपईचं पीठ अण्णांनी दुधात कालवून रात्रभर ठेवलं, ते सकाळी कडू झालं. जांभळाच्या पॅनकेकमध्ये एक आठळी राहिली आणि कॉलनीच्या अध्यक्षांची दाढ हलली. अण्णा त्यांच्या घरी माफी मागायला गेले ते हातात डबा घेऊनच. त्यात पेरूचे होते. अध्यक्षांनी दार उघडलं नाही.

मी एकदा विचारलं, "अण्णा, घरात साखर आहे कुणाला?" ते म्हणाले, "साऱ्या जगाला हाय." आणि तव्याकडं वळले.

मोठा घाला घातला तो डॉक्टरांनी. अण्णा त्यांच्या दवाखान्यात डबा घेऊन गेले, रांगेतल्या सगळ्यांचे डोळे मिटवले आणि आत जाऊन डॉक्टरांना म्हणाले, की साखरेच्या पेशंटांना हे कितीही खायला सांगा. डॉक्टरांनी तुकडा खाल्ला, चांगला आहे म्हणाले, आणि मग शांतपणे सांगितलं, की काका, फळातली साखर हीसुद्धा साखरच असते. रक्ताला ती केळ्यातनं आली की पोत्यातनं, हे कळत नाही.

अण्णा घरी आले आणि तवा पालथा घातला. कॉलनी डोळे उघडे ठेवून रस्त्यानं जाऊ लागली. शेळी फाटकाशी ओरडायची, तरी ते बाहेर आले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "बाई, तुमी तरी काय तरी बोला. माणूस काट्यावरनं उतरल्यागत झालाय."

पण पुढच्या आठवड्यात पुन्हा वास आला. अण्णा परत डॉक्टरांकडं जाऊन आले होते. या खेपेला डबा न घेता. मैद्याच्या जागी ज्वारीचं पीठ आलं, त्यात अंडं फेटलं गेलं, फळ चमचाभरावर आलं, आणि ताटलीएवढा पॅनकेक आक्रसत पापडीएवढा झाला. एवढा एक, तोही जेवणाच्या हिशेबात धरून, चालेल, असं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. अण्णा तो उलटायला चहाचा चमचा वापरत.

दसऱ्याच्या सुमारास बाजारात सीताफळं आली. एका सकाळी मी बसला निघाले तेव्हा अण्णा फाटकात उभे होते. माझी शाळा तेरला आहे, रोज एसटीनं जाते. मी सवयीनं डोळे मिटले. तोंडात काही आलं नाही. हातात डबा आला.

"तेरला माझी अक्का ऱ्हाती. तेवढा पोचवा. म्या दिला म्हणू नका."

मग उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं ते असं. आई लवकर गेली, अक्कानंच त्यांना वाढवलं. रानातलं एखादं सीताफळ मिळालं की ती सगळा गर भावाला द्यायची आणि म्हणायची, मला बियाच आवडतात. "म्या खरं मानलं, बाई. एकदा तर सारा गर खाऊन तिच्यासाठी मूठभर बिया ठिवल्या. तिनं त्याबी चघळल्या." अक्काला गोड आवडत नाही, असं ते म्हातारे होईपर्यंत समजून चालले. गेल्या वैशाख पौर्णिमेला विहारात खीर होती. अक्का कोपऱ्यात बसून खीर खात होती, वाटीला बोट लावून, चाटून. असं खाताना त्यांनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. आणि तिला साखरेचा आजार. घाबरून त्यांनी तिच्या हातातली वाटी ओढून घेतली आणि तिची शुगर किती वाढलीय ते सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. अक्का उठली, चपला घातल्या आणि तेरला निघून गेली. तेव्हापासून ती फोन उचलत नव्हती.

शाळा सुटल्यावर मी अक्कांच्या घरी गेले. वाळकुडी, ताठ म्हातारी. मी त्यांच्या भावाच्या शेजारची, एवढंच सांगितलं. त्यांनी डबा उघडला, सीताफळाचे पापडीएवढे दोन पॅनकेक पाहिले, एक उचलून चावला आणि बराच वेळ चघळत राहिल्या.

"त्यानं सोता केलं?"

मी म्हटलं, सांगू नका म्हणालेत.

"सांगाय कशाला पायजे? लई वंगाळ झालंय." मग उरलेला तुकडा खाल्ला. दुसरा डब्यात झाकून ठेवला, पिशवीत लुगडं कोंबलं, भिंतीवरचा आरसा बघून केस सारखे केले आणि लेकाला हाक मारून सांगितलं, की मी धाराशिवला चाललेय, मामाला मीठ किती घालायचं ते कळत न्हाय.

बसमध्ये त्यांनी शेजारच्या बाईला, तिनं न विचारता, सांगितलं की माझा भाऊ कारखान्यात मोठा सायब होता आणि आता विलायती पदार्थ करतो.

अण्णा दारातच होते. अक्काला पाहून त्यांनी दार पुरतं उघडलं. अक्का त्यांच्या बाजूनं आत गेल्या, काकूंना जवळ घेतलं, खुर्चीत बसल्या, चहा घेतला. खिरीचा विषय नाही. अण्णा ताटलीत चार पॅनकेक घेऊन त्यांच्यासमोर उभे, त्यातला एक स्वतःच अधनंमधनं खात.

"तुजी शुगर तपासली का कदी?" अक्कांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, आपल्याला काय झालंय. अक्कांनी पिशवीतनं लेकानं घेऊन दिलेलं मशीन काढलं आणि बोट मागितलं. ज्या माणसानं गावाला साखरेवरनं धारेवर धरलं, त्यानं सुई बघून डोळे घट्ट मिटले.

मी अक्कांच्या खुर्चीमागं उभी होते. मशीनवरचा आकडा मला दिसला, तीनशेच्या वरचा. अक्कांनी तो पाहिला आणि मशीन मुठीत मिटलं.

"किती आली हो?" काकूंनी विचारलं.

"माज्यापरीस बरी हाय," अक्का म्हणाल्या. "उद्या मला दवाखान्यात न्यायचंय. हाबी यील संगं."

त्यांनी अण्णांच्या हातातली ताटली हळूच काढून माझ्याकडं दिली, जशी काही ती माझ्याचसाठी आणली होती. मग पदराचं टोक घेऊन त्यांच्या बोटावरचा रक्ताचा ठिपका दाबून धरला. अण्णांनी डोळे उघडून बहिणीच्या तोंडाकडं पाहिलं. आकडा विचारला नाही. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी त्यांनी बोट सोडवून घेतलं नाही.