येऊन राह्यलो

मिलिंदभाऊसोबत रस्ता ओलांडायचा नाही, हे मलकापुरात आमच्या लाइनीतल्या साऱ्या दुकानदारांना ठाऊक आहे. ट्रकमागून ट्रक चाललेले असतात, तुम्ही सभ्य माणसासारखे कडेला उभे असता, आणि हा बाबा एकदम तुमच्या कानात ओरडतो, "हो!" की पळत सुटायचं. अर्ध्या रस्त्यात पुन्हा, "नाही! मागं!" माझी एक चप्पल त्यात गेली ती गेलीच.

माणूस कापसाच्या जिनिंगवर सुपरवायझर आहे. माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाला लागून त्याचं घर, आणि जागेवर म्हणून टिकत नाही. खुर्ची दिली तर खुर्चीमागं उभा. जेवताना वहिनीनं भाजी आणली की पंजा वर करून "थांब!" आणि एक गोष्ट त्याच्यासमोर बोलायची सोय नाही. मी एकदा सहज म्हणालो, "भाऊ, चहा सांगितला, येऊन राह्यला." झालं! अंगावरच आला.

"सरळ येते म्हण ना बे रफिक! येते का तिथंच थांबते, एक काहीतरी सांग!"

याला कारण त्याची क्रिकेटची कारकीर्द. भाऊ विद्यापीठाच्या टीममध्ये होता, खोटं नाही. तो ब्लेझर वहिनीनं अजून डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय. पहिलीच मॅच. जोडीदार पुण्याचा, इकडं इंजिनिअरिंगला आलेला. त्यानं चेंडू ढकलला आणि विचारलं, "येतोस का?" भाऊ समोरून धावत सुटला, ओरडत, "येऊन राह्यलो!" आमच्याकडं म्हणजे येतोच आहे. त्या पुणेकराला वाऱ्यात शेवटचं 'राह्यलो' एवढंच ऐकू आलं. आणि त्याच्या मराठीत राहिला म्हणजे राहिला! तो बॅट टेकवून निवांत उभा. दोघं एकाच टोकाला, दुसऱ्या टोकाच्या दांड्या केव्हाच उडालेल्या. एकही चेंडू न खेळता भाऊ बाद. पुढच्या मॅचला त्याचं नाव नव्हतं, नंतरही कधी आलं नाही.

"क्रिकेट येत होतं बे मले," तो अजून म्हणतो. "मराठीनं मारलं."

म्हणून सुजाता जन्मली तेव्हापासून त्यांच्या घरात ते वऱ्हाडी बोलणं बंद. एकुलती एक पोर, उद्या पुण्याला जाईल, तिथं तिचं कोणी चुकीचं ऐकायला नको. पोरगी अशी शुद्ध बोलायला लागली की तिच्याशी बोलताना मी आधी शर्टाची बटणं लावायचो. पुण्यात शिकली, तिथंच नोकरीला लागली. मग फोन यायचे.

"बाबा, जेवलात का?"

"हो."

"काही पाठवू का?"

"नाही."

"या वेळी सुट्टी मिळणं कठीण दिसतंय."

"थांब मग."

फोन ठेवला की हा माझ्या दुकानात येरझारा घालायचा. एकदा तारांच्या भेंडोळ्यात पाय अडकला तरी थांबला नाही. म्हणाला, "रफिक, इतकी चांगली बोलते बे ती, तिच्याशी काय बोलावं मले सुचतच नाही." मी स्टूल पुढं सरकवलं. तोवर तो दाराबाहेर गेलेला.

परवा दुपारी फोन आला तेव्हा तो दुकानातच होता. एका हातात चहा, म्हणून स्पीकर लावला.

"बाबा, मी येऊन राह्यली!"

भाऊचा चहा हातातच राहिला. मी हळूच पान्हा खाली ठेवला.

"म्हणजे?" त्यानं घाबरून विचारलं. "येतेस का तिथंच थांबतेस?"

पोरगी खदखदून हसली. "गाडीत आहे ना बाबा! भुसावळ सुटलं. काऊन, मराठी समजून नाही राह्यली का?"

मी शटर ओढलं आणि भाऊला धरून रस्त्याच्या कडेला आणलं. स्टेशन पलीकडच्या बाजूला. आणि अल्लाची मेहेरबानी, रस्ता रिकामा! मला वाटलं, आता ओरडेल, मग ओरडेल. हा आपला उभाच. शेवटी मीच बोंबललो, "हो!"

भाऊनं माझा दंड घट्ट धरला. डोळ्यांना धार लागलेली.

"थांब बे जरा," तो म्हणाला. "पाय उचलून नाही राह्यले."