सुभेदार आप्पांची पाव इंच वात

आमच्या मुलीच्या वाढदिवसाला सुभेदार आप्पा एका हातात फूटपट्टी आणि दुसऱ्या हातात वाळूची बादली घेऊन आले. केकवरच्या मेणबत्त्या बघून त्यांनी हुकूम सोडला, "पडद्यापासनं लांब! आदी भाईर घ्या!" केकसकट टेबल अंगणात गेलं. मागोमाग पाहुणेही.

फौजेतून निवृत्त झालेले आप्पा कोरेगावात आमचे शेजारी. गल्लीतले बाकीचे लोक उसाच्या मागे, आणि हा माणूस घरात सोयाबीनच्या मेणाच्या मेणबत्त्या करतो! सोयाबीनचं तेल ठाऊक होतं, पण मेण? मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"व्हय मास्तर, सोयाबीनचंच. काजळी कमी, जळतंय सावकाश, सांडलं तर साबणाच्या कोमट पाण्यानं निघतंय. आजून काय पायजे?"

नियम मात्र पलटणीचे. लावण्याआधी वात पाव इंच ठेवून बाकी कापायची. फुंकर मारायची नाही, झाकण ठेवून विझवायची. नवी मेणबत्ती पहिल्यांदा लावली की वरचं मेण काठापर्यंत वितळू द्यायचं. आणि जळती वात सोडून उठायचं नाही म्हणजे नाही. एकदा सख्खे व्याही दारात आले, तर आप्पा आतूनच ओरडले, "पयली पेट हाय, ड्यूटीवर हाय मी! बसा वट्ट्यावर!" व्याही तासभर ओट्यावर.

शेवटी न राहवून मी विचारलं, "आप्पा, आगीची एवढी धास्ती, मग हा उद्योग कशाला?"

त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या काकूला मागं मोठा ताप आला, तवापासनं वासच येत न्हाई. दूध करपलं तरी कळत न्हाई, मग मलाच पहारा. तोंडाची चव बी गेली. दोन घास खाऊन उठतीया, लय वाळली. डाक्टर म्हनलं, रोज येगळा वास देऊन बगा. म्हनून ह्या वासाच्या मेणबत्त्या."



गेल्या आठवड्यात काकू स्वतः पेढे घेऊन आल्या, मागोमाग आप्पा. "मास्तर, मोगऱ्याचा वास आला बगा मला!" मला इतका आनंद झाला की मी दोन पेढे एकदम तोंडात टाकले. काकू आत माझ्या बायकोशी बोलायला गेल्या. आप्पा दारातच थांबले.

"आप्पा, अहो, जिंकलात तुम्ही!"

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "त्या मोगऱ्याच्या मेणबत्तीत वास घालायचाच इसरलो हुतो मी."

उचललेला तिसरा पेढा मी परत ठेवला. "मग काकूंना सांगितलंत?"

"छ्या! काल माज्यासमोर आख्खी भाकरी खाल्ली तिनं. चव न्हाई, तरी हसत खाल्ली. मी वाईट वाटून घीन म्हनून. आता मी कशाला तोंड उगडू?"

डोळे पुसून त्यांनी आत आवाज दिला, "आगं, चल घरी. उद्या येलदोड्याची लावूया!"