बालवाडीचा निर्धोक रंग

लहान मुलांचे रंग कसे निवडावेत हे मला कुणी शिकवू नये. मी ते एकेक चाटून निवडलेले आहेत.

साल अठ्ठावन्न. पुण्यात बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा वर्ग पहिल्या नंबराने पुरा करून मी मुळशीकडच्या माले गावी बालवाडी चालवायला आले. मारुतीच्या देवळाची ओवरी आणि दोन ते चार वर्षांची पंधरा मुलं, एवढाच संसार. चैत्रात निरीक्षकबाईंचं पत्र आलं. ‘शुक्रवारी येत आहे. मुलांचे रंगकाम पाहून बालवाडी चालू ठेवावी की बंद करावी ते ठरवू.’ बालवाडी बंद म्हणजे मी परत काकूच्या माजघरात, तांदूळ निवडत. ते मला मरेपर्यंत नको होतं.

आता दोन वर्षांचं मूल म्हणजे काय? हातातली वस्तू आधी तोंडात, मग डोळ्यांपुढे. तेव्हा रंग पोटात गेला तरी बाधू नये, हा माझा पहिला नियम. पौडच्या दुकानात डबे होते, पण ते दारं-खिडक्यांचे. झाकण उघडल्याबरोबर माझंच डोकं गरगरलं. मग मी घरगुती वस्तूंकडे वळले. कपड्यांची नीळ चाटली, तर दोन दिवस जीभ निळी. शेजारच्या सारजाबाई मला बघून दृष्ट काढायला धावल्या. तव्याखालची काजळी घशात बसली. गेरू मला बरा वाटला, पण तो भिकूलाही बरा वाटला. त्या तीन वर्षांच्या पोराने अर्धी वाटी संपवली आणि वर हात पुढे केला.

उरली हळद. पोटात गेली तर खोकला बरा, जखमेला लागली तर जखम बरी. याहून निर्धोक रंग साऱ्या मुंबई राज्यात सापडायचा नाही, असं मी सारजाबाईंना ठणकावून सांगितलं.

बरं, मी नुसती हळद देऊन मोकळी होणाऱ्यांतली नव्हे. कोरडी हळद डोळ्यांत उडते, म्हणून ती तेलात कालवायची ठरवली. कुंचल्याचे केस मुलं उपटून खातात, म्हणून कुंचल्याऐवजी आंब्याची पानं. फरशी गार, म्हणून प्रत्येकाला घरून पाट आणायला सांगितला. कपडे खराब होऊ नयेत म्हणून ते उतरवून कमरेला पांढरी फडकी. विकतच्या हळदीत भेसळ असते, म्हणून हळकुंडं ओवरीतच कुटून दळायची. त्यासाठी पाच आया मदतीला आल्या. जातं फिरायला लागलं तशा पाचीजणी गाऊ लागल्या. मी म्हटलं, गाऊ द्या, मुलांच्या कानाला बरं.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं सगळं मांडलंत आणि तुमच्या लक्षात आलं नाही? नाही आलं. माझ्या डोक्यात निरीक्षकबाई होत्या.

गुरुवारी सकाळी रंगकामाची रंगीत तालीम घेतली. कागदाकडे एकाही मुलाने पाहिलं नाही. बाजी नावाचा मुलगा पाटावर गूळ चोखत स्वस्थ बसला होता. स्वस्थ बसलेली वस्तू रंगवायला सोपी. सगळ्यांनी मिळून त्याला पायापासून कपाळापर्यंत रंगवला. तो संपला तेव्हा वाटीत थोडी हळद उरली होती. ती घेऊन मंडळी जयाकडे वळली. अडीच वर्षांची जया हसत हसत पिवळी झाली. मी कौतुकाने पाहत होते.

तेवढ्यात बाजीची आजी धोंडाबाई त्याला न्यायला आल्या. त्यांनी पाट पाहिला, पानं पाहिली, जात्यावरच्या बाया पाहिल्या आणि मटकन खाली बसल्या.

“बाई, आमच्या बाजीला हळद कुनी लावली?”

“मुलांनी. रंग आहे तो, धोंडाबाई. खाल्ला तरी चालतो.”

“आन् उरल्याली कुनाला लावली?”

मी अभिमानाने जयाकडे बोट दाखवलं.

“जयसिंगाच्या नातीला?” धोंडाबाईंनी कपाळाला हात लावला. “नवऱ्याची उरल्याली हळद नवरीला लागली. पाच सवाष्णी गात व्हत्या. झालं की वो लगीन! आता अक्षता पडल्याबिगर ही हळद उतरायची न्हाई.”

मी पाच आयांकडे पाहिलं. पाचीजणी एकदम जात्याकडे बघायला लागल्या.

आता यातली खरी गोम सांगते. बाजीचे आजोबा हैबतराव आणि जयाचे आजोबा जयसिंगराव यांचे मळे शेजारी. बांधावर एक आंबा होता, आणि तो कुणाचा यावरून दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. हळदीची बातमी कानावर जाताच दोघंही ओवरीत हजर झाले, आणि नऊ वर्षांचं तुंबलेलं बोलणं तिथंच सुटलं.

“हळद लागली तर लागली,” हैबतराव म्हणाले. “आमी माघार घ्येनारी मान्सं न्हाई. पोरगी पदरात घेतो. हुंड्यात आंबा द्या.”

“पोरगी न्या,” जयसिंगराव म्हणाले. “आंबा न्हाई मिळायचा.”

“मग नुसता आंबा द्या, पोरगी ठिवा.”

“आन् हळद लागल्याली पोरगी आमी घरात ठिवू? मान्सं काय म्हन्तील?”

नवरदेव या वेळी नवरीच्या दंडावरची हळद चाटत होता. मी मध्ये पडले. म्हटलं, अहो, एवढ्या लहान मुलांचं लग्न लावणं गुन्हा आहे, कायद्याने तुरुंग आहे.

“कुनाला?” हैबतरावांनी विचारलं.

“लग्न लावून देणाऱ्याला.”

मग जयसिंगराव सावकाश म्हणाले, “हळद कुनी दळवून घेतली? पाट कुनी मागितलं? पानं कुनी आनली?” आणि दोन्ही व्याह्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा एकमताने मान हलवली. दोघंही माझ्याकडे बघत होते.

उद्या निरीक्षकबाई येणार, त्यांना दोन पिवळीधमक मुलं आणि हुंड्याची बोलणी दिसणार. बालवाडी राहिली बाजूला, मला बेड्या पडायच्या. मी बाजीला उचलून ओढ्यावर नेलं आणि साबणाने घासला. तेलातली हळद ती, हलते होय? पोरगं नुसतं चकचकीत झालं. धोंडाबाई मागून रडत आल्या, “बाई, नवऱ्या पोराला अशी आंघूळ घालू नगा, अपशकुन हाय.” रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी सकाळी पुन्हा सगळे ओवरीत जमले. आंब्याचा निकाल लागत नव्हता, आणि त्याच्याशिवाय अक्षता अडल्या होत्या. तेवढ्यात कोंडाबाई आल्या. या धनगरवाड्यावरच्या, त्यांचा नातू माझ्याकडे होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “वाटीतली हळद संपली का हाय?”

“टोपलंभर आहे,” मी म्हटलं. पाच बायांनी गाण्याच्या नादात भरपूर दळली होती.

“मग येवढं रडताय कशापायी? दोघास्नीच लागली तर लगीन. समद्या गावाला लागली तर खंडोबाचा भंडारा. भंडारा लागल्याली मान्सं लगीन लावून घेत्यात व्हय?”

हैबतराव विचारात पडले. जयसिंगराव विचारात पडले. खंडोबाच्या शब्दापुढे जायची दोघांचीही छाती नव्हती, आणि आंबाही जिथल्या तिथे राहत होता. हैबतरावांनी मूठ भरली, जयसिंगरावांच्या टोपीवर उधळली आणि आरोळी ठोकली, “येळकोट येळकोट, जय मल्हार!”

मग काय विचारता. टोपलं फिरायला लागलं. सासवांनी सुनांना माखलं, सुनांनी पहिल्यांदाच सासवांना. पुजाऱ्याच्या शेंडीतून हळद गळत होती. दोन्ही व्याही, म्हणजे माजी व्याही, एकमेकांच्या गालांना हळद फासत हसत होते. मीही तोंडभर पिवळी झाले. मला इतकं हलकं वाटलं की मी एक फुगडीसुद्धा घातली. लग्न मोडलं म्हणून एवढा आनंद झालेली वऱ्हाडी मंडळी मी पुन्हा पाहिली नाही. आयांनी तेवढ्यात मुलांना ओढ्यावर नेऊन बेसनाने घासून काढलं, त्याने बाजी-जयाची तेलातली हळदही निघाली, मग स्वच्छ कपडे घातले आणि पिंपळाच्या पारावर फुटाणे देऊन बसवलं. भंडारा धुवायला कुणाची ना नव्हती.

आणि निरीक्षकबाई आल्या. पांढरं खादीचं पातळ, हातात वही. ओवरीच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी चाळीस पिवळ्या प्रौढांकडे पाहिलं. मग पारावरच्या पंधरा स्वच्छ मुलांकडे पाहिलं.

“लीलाबाई, हे तुमचं रंगकाम?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? “रंग अगदी निर्धोक आहे.”

“आणि मुलं?”

“मुलं बघतायत.”

त्यांनी बराच वेळ वहीत लिहिलं. मूठभर भंडारा त्यांच्याही पातळावर पडला, तो झटकून त्यांनी पान उलटलं.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. ‘सदर गावी रंगकामात बालकांचा सहभाग शून्य आढळला. प्रौढांचा सहभाग मात्र असाधारण उत्साही आहे. सबब बालवाडी बंद करून त्याच जागी, त्याच शिक्षिकेकडे, प्रौढ साक्षरता वर्ग सोपवावा. हजेरी पंधराच्या खाली गेल्यास तोही बंद करावा.’

मुलांसाठी माझा जीव तुटला. पण नोकरी राहिली होती. पुढच्या सोमवारी दुपारी ओवरीत मोजून पंधरा माणसं येऊन बसली. पुढच्या सतरंजीवर हैबतराव आणि जयसिंगराव, मांडीला मांडी लावून. मी फळ्यावर मोठा ‘ग’ काढला आणि वळून पाहिलं. एकाचंही लक्ष फळ्याकडे नव्हतं.

“बाई,” हैबतराव म्हणाले, “अक्षरं काय, मागनं बघू. आदी सांगा, रंग कवा?”

मी पंधरा डोकी पुन्हा एकदा मोजली. हजेरी टिकवायची होती, काय करणार. म्हटलं, “गुरुवारी.”