मास्टरांचा दुसरा कोड

"ज्या दिवशी या घरातलं कुणी हा फोन उघडून दाखवील, त्याच संध्याकाळी मी नवा घेईन! तोवर या विषयावर एक अक्षर नको!"

मास्टरांनी फोन जेवणाच्या टेबलावर आपटला. पण हळूच आपटला. सहा वर्षांचा झाला होता तो.

मास्टर म्हणजे चौकातले चावीवाले. तीस वर्षं दुसऱ्यांची कुलपं उघडल्यामुळे त्यांचा जगातल्या कुठल्याच कुलपावर विश्वास उरला नव्हता. म्हणूनच त्यांनी शोधशोधून असा फोन घेतला होता, की जो मालकाबद्दल कुणालाही काही सांगत नाही. मालक कुठे गेला, काय पाहिलं, कुणाशी बोलला, कुणी कितीही विचारो. चौकशीला बोलावलेल्या मुरलेल्या कारकुनासारखा गप्प! त्याच्या पोटात होते साडेतीनशे गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांचे नंबर. किल्लीचे दाते किती खोल कापायचे, ते पाच आकड्यांत मावतं. नंबर हाताशी असला, की हरवलेली किल्ली पाच मिनिटांत पुन्हा घडते. गिऱ्हाइकांचा विश्वास म्हणतात तो एवढाच होता, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही ठेवायची नाही, हे मास्टरांचं तत्त्व होतं.

त्या सकाळी फोननेच सांगितलं होतं, की त्याला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. मुलगी एका इस्पितळाच्या संगणक विभागात काम करत असे. तिने ते वाचलं आणि घरात ठिणगी पडली.

"बाबा, रोज नवी भोकं सापडतात. आता ती बुजवायला कुणी नाही. फोन बदला."

"चालतोय ना?"

"चालतोय हो! पण तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता ना, चौकट कुजली की वरचं कुलूप कितीही भारी असलं तरी..."

"चौकटीचं मला शिकवू नकोस!"

आणि तिथेच पैज लागली. गुरुवार होता, दुकानाची सुटी होती, जेवायला मेहुणाही आलेला होता. मेहुणा विम्याचा एजंट. आपल्याला सगळ्यातलंच थोडंफार कळतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

प्रत्येकाला तीन संधी. मुलीने दुकानाचा क्रमांक टाकला, स्कूटरचा टाकला, शेवटी स्वतःची जन्मतारीख टाकली. फोन ढिम्म!

"माझीसुद्धा नाही, बाबा?"

"तुझी तर चोर सगळ्यांत आधी टाकील!"

मेहुण्याने सहा शून्यं टाकली. मग एक ते सहा ओळीने. मग डोळे बारीक करून विचारलं, "भावोजी, तुमची उंची किती? आणि वजन?"

तेही फसलं. मास्टर खुर्चीत असे रेलून बसले, जणू किल्ल्याला वेढा घालून बसलेली फौज त्यांनी एकट्याने परतवली होती. इतक्यात बायको भांडी विसळून हात पुसत बाहेर आली.

"मी बघू का?"

"बघ, बघ! तूही हात धुऊन घे!"

तिने सावकाश सहा आकडे दाबले. फोन एकदा थरथरला. पडदा काळा झाला.

"उघडला!" मेहुणा ओरडला. "ताईनं उघडला!"

"आई, काय टाकलंस?"

"लग्नाची तारीख," बायको म्हणाली. "पंचवीस वर्षं मी बोलत आले, की यांना ती तारीख कधी म्हणून आठवत नाही. आणि यांनी तीच..." हातातल्या फडक्याने तिने डोळे टिपले.

मास्टरांना आत्ता कुठे आठवलं. या फोनला दोन कोड होते. पहिला उघडणारा. दुसरा पुसणारा! कुणी धाक दाखवून कोड विचारलाच, तर हा दुसरा सांगायचा. तो दाबला रे दाबला, की फोन स्वतःला कोरा करतो. तो कोड असा असावा, की चुकूनही आपल्या बोटांनी दाबला जाणार नाही, अशी सूचना होती. चार वर्षांपूर्वी मास्टरांनी पुष्कळ विचार केला आणि लग्नाची तारीख निवडली. नंतर दुसरा कोड आहे, हेसुद्धा विसरून गेले.

आता खरं सांगावं तर संसार जातो, गप्प बसावं तर पैज जाते. मास्टरांनी संसार वाचवायचं ठरवलं.

"हो," ते म्हणाले, "तीच तारीख. हरलो मी."

तेवढ्यात पडदा उजळला. स्वागत आहे! भाषा निवडा.

"बाबा," मुलगी म्हणाली, "उघडलेला फोन भाषा कशाला विचारतोय?"

मास्टर छताकडे पाहू लागले.

"बाबा! हा पुसला गेलाय! तो पुसायचा कोड होता!"

"अरेच्चा!" मेहुण्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "चार वर्षांपूर्वी फोन करून माझ्याकडून तारीख विचारून घेतलीत, ती यासाठी होय?"

बायकोने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"म्हणजे माझ्या तारखेनं तुमचा फोन उघडत नाही," बायको एकेक शब्द तोलत म्हणाली, "जळतो."

"अगं, ती सगळ्यांत सुरक्षित..."

"सुरक्षित असणारच! पंचवीस वर्षांत तुम्ही तिला हातसुद्धा लावला नाहीत!"

त्याच क्षणी तिचा फोन वाजला. दातांचे डॉक्टर होते. मास्टरांचा फोन लागेना म्हणून त्यांनी इकडे केला होता. तिने स्पीकर लावून तो मास्टरांपुढे धरला. अवजारांच्या कपाटाची किल्ली हरवली होती आणि रुग्ण खुर्चीत बसलेला. "मास्टर, त्याचं तोंड उघडं आहे आणि माझं कपाट बंद! नंबर आहे ना तुमच्याकडे?"

मास्टरांनी कोऱ्या फोनकडे पाहिलं. एकच नंबर गेला नव्हता. साडेतीनशे गेले होते. उद्या कुठल्या तोंडाने दुकान उघडायचं?

बायकोने फ्रिजवरून एक दोनशेपानी वही ओढली आणि पान उलटलं. "दातांचे डॉक्टर, अवजारांचं कपाट. चार, दोन, दोन, पाच, एक."

"ही... ही कुठली वही?"

"दर शनिवारी तुम्ही मोठमोठ्यानं वाचत फोनमध्ये नंबर भरता. मी भाजी निवडता निवडता उतरवून घेते."

"आणि ती फ्रिजवर? उघडी?"

"सहा वर्षं तिथेच आहे. परवा नळवाल्यानं तिच्यावर पाना ठेवला होता."

मास्टर उठले, दुकानात जाऊन किल्ली कापली आणि दवाखाना गाठला. कपाट उघडलं. रुग्णाने तोंड मिटून सुटकेचा निःश्वास टाकला. निघताना मास्टरांनी सवयीने दार हलवून पाहिलं.

"डॉक्टर, कपाट बदला. बिजागऱ्या गंजल्यात. कुलूप कितीही भारी असलं, तरी उचकटायला वेळ लागणार नाही."

"पण चालतंय की अजून!"

"चालतंय हो! पण..."

मास्टर थांबले. हे वाक्य सकाळीच कुठेतरी ऐकलं होतं.

संध्याकाळी ते नवा फोन घेऊनच घरी आले. तसाच मुखस्तंभ, फरक एवढाच, की याला अजून सात वर्षं अपडेट मिळणार होते. "पैज मी हरलेलो नाही!" उंबऱ्यातूनच त्यांनी गर्जना केली. "फोन कुणीही उघडलेला नाही! मी बदलतोय, तो माझ्या मर्जीनं!"

"बरं," बायको म्हणाली. "इकडे द्या."

तिने उघडायचा कोड म्हणून लग्नाची तारीख टाकली, सगळ्यांना मोठ्याने ऐकवून. मग मुलीला शेजारी घेऊन, पाठ फिरवून, दुसरा कोडही स्वतःच टाकला. तो कुठला, ते त्या दोघींनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मास्टर फोन उघडताना श्वास रोखून धरतात. लग्नाची तारीख मात्र ते पुन्हा कधी विसरलेले नाहीत. बाकीची कुठलीही तारीख दाबली, तर फोन पुसला जाणार नाही, याची त्यांना खात्रीच नाही!