साहस, संस्कृती आणि हाकोपाकाका

जी संस्कृती जेवणाआधी आटोपत नाही, ती फार काळ टिकत नाही. हे मत माझं नाही. आमच्या गावाशी करार केलेल्या ऑकलंडच्या सहल कंपनीचं आहे, आणि कंपनीला या विषयातलं कळतं हे मानावंच लागेल. आमच्या पूर्वजांना ज्या गोष्टीला तीन-तीन दिवस लागत, ती कंपनीने चाळीस मिनिटांत बसवून दाखवली.

कार्यक्रमाचं नाव 'साहस आणि संस्कृती'. शुक्रवारी दुपारी बस येते, रविवारी दुपारी जाते. मधल्या काळात पाहुण्यांना एकदा रबरी होडीत बसवून नदीच्या धबधब्यावरून खाली सोडतात (साहस), आणि एकदा गावच्या मराएवर, म्हणजे सभागृहापुढच्या अंगणात, भाला नाचवून घाबरवतात व मग पोटभर जेवू घालतात (संस्कृती). साहसाआधी प्रत्येकाकडून लिहून घेतलं जातं की आपण बुडाल्यास गावाला दोष देणार नाही. संस्कृतीआधी असं काही लिहून घेत नाहीत. आजवर तिच्यापासून कुणाला इजा झाली नव्हती.

मी आपेराहामा, या कार्यक्रमाचा सांस्कृतिक अधिकारी (अर्धवेळ). उरलेल्या वेळात होड्यांची पंक्चरं काढतो.

कार्यक्रमाचा मुख्य आधार होते माझे काका, हाकोपा. त्यांनी जन्मभर जंगलातली लाकडं वाहणारा ट्रक चालवला आणि निवृत्तीनंतर ते आठवड्यातून एकदा सरदार झाले. कंपनीच्या माहितीपत्रकावर जीभ बाहेर काढून डोळे वटारलेला जो भयंकर चेहरा आहे, तो त्यांचा. वास्तविक काका इतके मवाळ की फोटोच्या वेळी त्यांना काही केल्या राग येईना. शेवटी त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेरेआना आत्या, फोटोवाल्याच्या मागे उभी राहून म्हणाली, "तुझ्या ट्रकला मागून कुणीतरी ठोकलंय." त्यानंतर फोटो एका झटक्यात निघाला. कंपनीच्या पाहणीनुसार शंभरातले एकाहत्तर पाहुणे तो चेहरा पाहून नाव नोंदवतात. (उरलेले एकोणतीस जेवणाचा फोटो पाहून.)

एका गुरुवारी सकाळी काका आरामखुर्चीत रग्बीचा जुना सामना पाहता पाहता वारले. सामन्याचा निकाल त्यांना आधीच माहीत होता, त्यामुळे जीव कशात अडकला असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे माणूस गेला की त्याला मराएवर आणतात. पेटी उघडी ठेवतात, आणि पुरेपर्यंत त्याला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. लांबलांबून लोक येतात, त्याच्याशी बोलतात, भांडणं राहिली असतील तर तीही करून घेतात, रडतात आणि जेवतात. तोवर मराएवर दुसरं काही होत नाही. हे मी कंपनीला फोनवर कळवलं. तिकडच्या बाईंनी अतिशय मनापासून शोक व्यक्त केला.

"पण शनिवारी दुपारपर्यंत मोकळं होईल ना?" त्यांनी विचारलं.

"रविवारी पुरणार आहोत."

"अडचण अशी आहे, की रद्द करायचं तर सात दिवस आधी कळवावं लागतं."

काकांनी ते कळवलेलं नव्हतं, हे मला मान्य करावं लागलं.

"आणि जीभ काढणारं दुसरं कुणी नाही का तुमच्याकडे?" बाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी काकांना सभागृहाच्या ओसरीवर ठेवलं. काळ्या कपड्यांतल्या बायका डोक्यावर पानांच्या वेण्या घालून पेटीशेजारी बसल्या. मी स्वयंपाकघरात आत्याकडे गेलो आणि सुचवलं की मी रस्त्यावर उभा राहून बस परस्पर मागे फिरवतो.

आत्या डुकराची हाडं मोठ्या पातेल्यात घालत होती. "माझा भाऊ ओसरीवर असताना दारात आलेलं माणूस परत पाठवू?"

"आत्या, ते पर्यटक आहेत."

"ओसरीवर मयत आहे ना? मग येईल तो मयताला आलेला. बाकी काही सोबत आणलं असेल तर बसमध्ये ठेवून येऊ दे त्यांना."

मी नियम मनातल्या मनात तपासले. आत्याचं बरोबर होतं. मराएच्या नियमांत यजमान आहे, पाहुणा आहे, जिवंत आहे, मृत आहे. पर्यटक हा वर्गच नाही.

बसमधून ऑकलंडच्या एका हिशेबतपासनीस कंपनीची माणसं आली होती, चौदा. त्यांचे साहेब कॅमरन ड्युवाल यांनी कर्मचाऱ्यांमध्ये जवळीक निर्माण व्हावी म्हणून सहल ठेवली होती आणि यायचं सगळ्यांना सक्तीचं केलं होतं. सहल कंपनीच्या पद्धतीप्रमाणे बसमध्ये चिठ्ठ्या टाकून पाहुण्यांचा 'सरदार' निवडला गेला होता. चिठ्ठी नेव्हिल प्रॅटली यांच्या नावाची निघाली. नेव्हिल हे ऑफिसातले सर्वांत जुने गृहस्थ. त्यांचा आवाज कसा आहे याबद्दल सहकाऱ्यांत दोन मतं होती.

मी बसमध्ये चढून सांगितलं की कार्यक्रमात थोडा बदल आहे, आमच्याकडे माणूस गेलंय, तेव्हा सावकाश चला, पेटीपुढे थांबा, फोन खिशात ठेवा.

"बघा," कॅमरन मागे वळून कर्मचाऱ्यांना हळूच म्हणाले. "किती बारकाईने करतात ही माणसं."

अंगणातून बायकांची हाक आली. ती हाक नुसती आलेल्यांना नसते, त्यांच्या मागून त्यांचे मेलेलेही आलेले असतात, त्यांनाही असते. पाहुणे दोनदोनच्या रांगेत चालू लागले. तीन फोन वर झाले. पेटीपाशी येऊन सगळे थांबले. काका त्यांच्या एकुलत्या एका कोटात पडले होते.

ब्रायनी नावाची मुलगी पुढे होती. ती शेजारणीला म्हणाली, "इतका वेळ श्वास कसा रोखून धरतो गं हा?"

पेटीच्या कडेला बसलेली माझी चुलत बहीण खरोखर रडत होती, नाकाडोळ्यांतून, आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. ब्रायनीने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा काकांकडे.

"हा माहितीपत्रकावरचा माणूस आहे," ती म्हणाली.

जीभ आत असल्यामुळे ओळखायला वेळ लागला होता. तिन्ही फोन खाली आले.

आमच्या बाजूने गावातले वडीलधारे बोलले. मग पाहुण्यांची पाळी. कॅमरन उठले आणि त्यांनी कोटाचं बटण लावलं. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना हाताने नम्रपणे खाली बसवलं आणि नेव्हिलकडे बोट दाखवलं. सरदार ते होते. साहेबांना कुणीतरी खाली बसवतंय हे कर्मचाऱ्यांनी प्रथमच पाहिलं. सहलीचा जवळीक निर्माण करण्याचा उद्देश तिथेच सफल झाला.

नेव्हिल उभे राहिले. "यांच्याशी बोलायचं?" त्यांनी मला विचारलं.

"हो. ऐकतात ते."

ते पेटीकडे वळले.

"मिस्टर हाकोपा," ते म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "मला बोलायची सवय नाही. मी तुम्हाला ओळखतही नव्हतो. तुम्ही जीभ काढून दाखवाल म्हणून आम्ही आलो होतो, त्याबद्दल माफ करा. माझा भाऊ गेला तेव्हा सगळं वीस मिनिटांत उरकलं. बाहेर पुढचे लोक उभे होते. मला त्याच्याशी काही बोलायला झालंच नाही. बोलतात हेच ठाऊक नव्हतं. तुम्हाला तिकडे तो भेटला तर… लॉरेन्स नाव त्याचं. उंच आहे, जरा वाकून चालतो. त्याला सांगा, नेव्हिल आठवण काढतो."

ओसरीवरच्या बायकांतून एक आवाज उठला. कार्यक्रमात तो आवाज काढायला आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगून तो निघत नाही. मी रडलो नाही. मी कामावर होतो.

भाषणानंतर बोलणाऱ्याच्या माणसांनी गाणं म्हणायचं असतं. मी तसं सुचवलं. चौदा हिशेबनीस एकमेकांकडे पाहू लागले. सगळ्यांना येईल असं एकही गाणं निघेना. तेव्हा मागून कुणीतरी, बहुधा घाबरून, गाद्यांच्या दुकानाची टीव्हीवरची जाहिरात सुरू केली. ती मात्र सगळ्यांना पाठ होती. अंगणात उभं राहून, माना खाली घालून, त्यांनी ती अत्यंत गांभीर्याने म्हटली:

पाठ टेका, पाय पसरा,
दिवसभराचं ओझं विसरा.
उठायची आता घाई नाही,
अशी झोप कुठेच नाही.

दुसऱ्यांदा म्हणताना आमच्या बायकांनी खालचा सूर धरला. गाणं संपल्यावर कुणी हसलं नाही. आत्या स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "इतकं मुद्द्याचं आज कुणीच बोललं नाही." (दुकानदाराची परवानगी घेतलेली नव्हती. ती कशी मागावी हे सुचलं नाही.)

मग नाकाला नाक लावून भेटणं झालं, चहा झाला, आणि कॅमरन मला बाजूला घेऊन म्हणाले, "जे घडलं त्याचं दुःख आहे. पण उद्या सकाळच्या होडीचं काय?"

"होड्या चालवणारे माझे पुतणे टेकडीवर खड्डा खणतायत."

"मग आम्ही करायचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर आत्याने दिलं. तिने त्यांच्या हातात सुरी दिली आणि पायाने बटाट्यांचं पोतं पुढे सरकवलं. आमच्याकडे स्वयंपाकघरात राबणाऱ्यांना 'गरम हात' म्हणतात आणि त्यांचा मान मोठा असतो, हे मी कॅमरन यांना समजावून सांगितलं.

"आम्ही संस्कृतीचे पैसे भरलेत, बटाट्यांचे नाही," ते म्हणाले.

"बटाटे सोलले नाहीत तर संस्कृती जेवेल काय?" आत्या म्हणाली. "आणि साल जाड काढताय. शाळेत शिकवलं नाही वाटतं कुणी."

शनिवारी सातशे माणसं जेवली. ऑकलंडच्या मंडळींनी रताळी धुतली, बाम माशांची कातडी काढली, जमिनीत खणलेल्या चुलीवर माती ओढली आणि कप विसळले. हिशेबनीस असल्यामुळे त्यांनी कपांचा मेळ लावला. आमच्या मराएच्या इतिहासात तो प्रथमच लागला. दोन्ही रात्री काकांना ओसरीवरून आत घेतलं आणि सगळ्यांच्या गाद्या सभागृहात एका ओळीत पडल्या. पहिल्या रात्री ब्रायनीने विचारलं, "ते इथेच असणार? आपण झोपू तेव्हासुद्धा?" माझी चुलत बहीण म्हणाली, "त्यांना सोबत म्हणून तर आपण झोपतोय." ब्रायनीने थोडा विचार केला आणि आपली गादी एक जागा पुढे सरकवली.

संस्कृतीशी आलेला संपर्क, दरडोई: बटाटे, अकरा किलो. अश्रू, मोजमाप उपलब्ध नाही.

रविवारी सकाळी पाऊस लागला. दफनाची टेकडी चिकणमातीची आहे. चढावर माझ्या पुतण्याचा पाय सटकला आणि पेटी एका बाजूला कलली. कॅमरन मागून, बूट जपत, कडेच्या गवतावरून चालत होते. त्यांनी उडी मारून पेटीला खांदा दिला आणि गुडघाभर चिखलात रुतले. समोरच्या बाजूला नेव्हिल होते. "साहेब, तुमची बाजू खाली जातेय," नेव्हिल म्हणाले. कॅमरन यांनी बाजू वर केली. असे ते दोघे वरपर्यंत गेले. (शिरस्त्राणं दिलेली नव्हती.)

खड्ड्याशी माझ्या पुतण्यांनी, चिखलाने माखलेल्या अंगाने, काकांसाठी हाका, म्हणजे आमचा रणनाच, केला. छाती बडवून, जमीन हादरवून, जीव तोडून. मी इतकी वर्षं दर शनिवारी हाका पाहतो, पण हा मला बघवला नाही. त्याचा एकही फोटो नाही, कारण सगळ्यांचे हात मातीचे होते. कॅमरन यांचे डोळे वाहत होते. त्यांनी पाऊस आहे असं सांगितलं, आणि माझ्या अहवालातही पाऊस असंच नमूद आहे.

बस वेळेवर सुटली. त्यानंतर मी होड्यांच्या खोपटात गेलो आणि रडलो. ड्युटी संपली होती.

आठवड्याने पाहुण्यांचे अभिप्राय आले. साहस: एकमताने पाच तारे. संस्कृती: दोन. कॅमरन ड्युवाल यांनी कारणही दिलं होतं: 'टेकडी आणि स्वयंपाकघर यांतून संस्कृती पाहायला वेळच मिळाला नाही.'

नेव्हिल यांनी अभिप्राय दिला नाही. महिन्याभराने गावात दुसरं मयत झालं तेव्हा ते आपली गाडी घेऊन, नाव न नोंदवता, आपणहून आले. आत्याने त्यांच्या खांद्यावर फडकं टाकलं आणि म्हणाली, "उशीर केलास. कपबशा साचल्यात." कंपनी त्यांची नोंद 'गमावलेला ग्राहक' अशी करते.

साहसाच्या पाच ताऱ्यांमुळे सहल कंपनीत मात्र उत्साह पसरला. त्या सहानुभूतीच्या बाईंचा फोन आला. असा कार्यक्रम दर महिन्याला देता येईल का? मी गावाची आकडेवारी काढली. वस्ती दोनशे बारा, सत्तरीपुढचे एकोणीस. नैसर्गिक गतीने वर्षाला चार मिळतात. दरमहा द्यायचे तर गावाला विशेष प्रयत्न करावे लागतील. बाईंनी विचारलं, त्याबाबत गावाची भूमिका काय? मी आत्याला विचारलं.

"त्यांना म्हणावं, आमचे पुरत नसतील तर आपला एखादा घेऊन या," आत्या म्हणाली. "आम्ही नीट पोहोचवू. तीन दिवस लागतील."

प्रस्ताव कंपनीच्या विचाराधीन आहे.

आता आपल्याविषयी. आपण पहिल्या ओळीपासून इथे आहात. काकांना पेटीत पाहिलंत, नेव्हिलचं बोलणं ऐकलंत, गाद्यांच्या गाण्याला बहुधा हसलातही. आपल्याला कुणी अडवलं नाही, कारण ओसरीवर मयत असताना आलेल्याला अडवत नाहीत. मात्र आपण काकांशी एक शब्द बोलला नाहीत, एक कप विसळला नाहीत, आणि पेटी कलली तेव्हा पुढे काय होतं ते बघत शांतपणे बसून राहिलात. कंपनी ज्याला आदर्श ग्राहक म्हणते तो आम्हाला इतकी वर्षं कुठे दिसला नव्हता. शुक्रवारच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा आपल्यासाठी राखून ठेवली आहे.